माझा देश मला समजावून सांगणारी माणसं

मांजरसुंब्याच्या चौकातून पाटोद्याकडं जाणारा रस्ता फुटतो, तिथं आमची खानावळ आहे. पत्र्याची शेड, थोडी टेबलं, कोपऱ्यात टीव्ही. पाटीवर नवऱ्याच्या गावाचं नाव आहे, पण ट्रकवाले एकमेकांना फोनवर सांगतात, "नेपाळीनीकडं थांबलोय, ये." ती नेपाळीण मी.

आखातातल्या एका हॉटेलात मी खोल्या साफ करायचे आणि हे तिथल्याच स्वयंपाकघरात कांदे चिरायचे. आमची ओळख झाली, मग लग्न ठरलं. यांनी घरी फोन केला तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "भाकर येती का तिला?" यांनी खोटंच 'येती' म्हणून सांगितलं. नेकनूरजवळच्या त्यांच्या गावात मी आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी परातीत पीठ घेऊन मला समोर बसवलं. भाकरी आणि मराठी मी एकाच माणसाकडून शिकले. सासूबाईंना मी इथल्या रीतीप्रमाणं आत्या म्हणते. माझ्या बोलण्यात 'लई' आणि 'कावून' आहेत ते त्यांचेच.

लोक माझ्याशी वाईट कधी वागले नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. वहिनी म्हणतात, सणाला ताट पाठवतात, बाळंतपणात अर्धी गल्ली घरात होती. फक्त माझ्या देशाबद्दल त्यांना सगळं माहीत होतं.

"तुमच्याकडं समदे लष्करातच जातेत ना?"

"तुमचा देश आपल्यातलाच होता की, इंग्रजांनी तोडला."

"तुमाला तिकडं राजा हाय, बरंय. आमाला इथं शंभर राजे."

सुरुवातीला मी सांगायचे. राजा जाऊन बरीच वर्षं झाली. इंग्रजांनी आमच्यावर राज्य केलं नाही. माझ्या गावात बर्फ पडत नाही, मका होतो. चौकात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त गुरुजी होते, अजून आहेत. ते माझं सगळं बोलणं डोळे मिटून ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "असं नाही, बाई. मी पुस्तकात वाचलंय." पुढच्या गिऱ्हाइकाला तेच पुस्तकातलं सांगायचे आणि माझ्याकडं बोट करायचे, म्हणजे मी पुरावा.

कधीतरी मी सांगणं सोडलं. ठरवून नाही. नवीन चप्पल चावते, मग एक दिवस चावत नाही, तसं काहीतरी. कोणी विचारलं की मी 'हो' म्हणायचे आणि भाकरी उलटायचे. यांना ते आवडायचं नाही.

"तू सांगत कावून न्हाईस? खोटं बोलायलेत ते."

"सांगून बघितलं की."

"मग परत सांग."

यांना सोपं होतं. यांच्या देशाबद्दल यांना कोणी सांगत नव्हतं.

खरं तर यांनाही लोक सांगत होते. गेल्या दोन-तीन निवडणुकांपासून चौकात माणसं वेगवेगळी बसायला लागली. एका जातीची या टेबलाला, दुसरीची त्या. पूर्वी एका ताटात जेवलेली माणसं. दोन्हीकडचे मला म्हणायचे, "वहिनी, तुमी कुनाच्याच न्हाईत, तुमीच सांगा, बरोबर कोन?" मला मतदान नाही. नागरिकत्वाचं काम अर्धवट पडलंय. तरी मी दोन्ही टेबलांचं ऐकायचे, कारण मधे मीच फिरत होते. जे एक टेबल दुसऱ्याबद्दल ठामपणे सांगायचं, ते खरं नाही हे मला माहीत असायचं, कारण दुसऱ्या टेबलावरची माणसं त्यांच्या घरातलं मला सांगून गेलेली असायची. पण ते सांगायची माझी जागा नव्हती. नेकनूरच्या दवाखान्यात माझ्या लेकीला ताप आला म्हणून घेऊन गेले आणि डॉक्टरची वाट बघत बसले, तेव्हा दोन्ही टेबलांवरची बायका-पोरं माझ्या शेजारच्या बाकावर होती. त्या दवाखान्याचा विषय कुठल्याच टेबलावर कधी निघाला नाही.

मग तो आठवडा आला.

दुपारची गर्दी होती. मी चुलीपाशी, हे गल्ल्यावर. टीव्हीचा आवाज कोणीतरी वाढवला आणि बातम्या देणारी बाई ओरडून सांगत होती, काठमांडू पेटलंय. मी वर बघितलं. ज्या रस्त्यानं मी पासपोर्ट काढायला गेले होते तो रस्ता होता. शाळेच्या कपड्यांतली पोरं पळत होती, मागं धूर. मग एक मोठी पांढरी इमारत, खिडक्यांतून ज्वाळा.

माझा धाकटा भाऊ तिथं एका मोबाईलच्या दुकानात काम करायचा. मी हात न धुताच फोन लावला. रिंग वाजली, कोणी उचलला नाही. परत लावला. मग बंदच लागला.

मागं चर्चा सुरू झाली होती.

"मोबाईल बंद केला म्हून सरकार पाडलं म्हंत्यात पोरांनी."

"आपल्याकडं रोज लाइट जाती, कोन काय पाडतंय का?" यावर सगळे हसले.

"ह्याच्यामागं बाहेरचा हात हाय."

"कुनाचा?"

"आता ते काय सांगायचं असतंय का?"

"आपल्याकडं बी असंच व्हायला पायजे."

"आपल्याकडं होऊच शकत न्हाई. आपली मानसं तशी न्हाईत."

गुरुजींनी पेपरची घडी केली. ते बोलायला लागले की बाकीचे थांबतात. "मूळ कारण मी सांगतो. राजा काढला ना, तिथं चुकलं. राजा असता तर ही वेळ आली नसती. काय, बाई?"

मी म्हणाले, "गुरुजी, माझा भाऊ तिथं हाय. फोन लागत न्हाई."

एकानं हातातला घास खाली ठेवला. गुरुजी म्हणाले, "काळजी करू नको, पोरी. काही होत नाही." मग आवाज खाली आणून, "पण मी काय म्हणतो, राजा असता तर..."

आणि बोलणं पुढं गेलं. मी तव्यावरची भाकरी काढली, ती करपली होती, बाजूला ठेवली, दुसरी थापली. त्या वेळी मला राग आला होता का, असं पुढं यांनी विचारलं. मी आठवून बघितलं. राग यायच्या जागी काहीच नव्हतं. हात चालत होते.

खानावळीबाहेर एक चाचा सीताफळाची टोपली घेऊन बसतात. बीडचे आहेत, हंगामात रोज येतात. त्यांनी बाहेरूनच विचारलं, "भाई का फोन आया क्या, बेटी?" मी मान हलवली. "आयेगा," म्हणाले. त्यांची समजूत अशी की नेपाळ काश्मीरच्या पलीकडं आहे. मी एकदा सांगितलं होतं, पण ते परत तिकडंच गेलं. तरी भावाचं विचारणारे ते एकटेच होते. दुसऱ्या दिवशीही आल्या आल्या आधी तेच विचारलं, मग टोपली उतरवली.

त्याच दुसऱ्या दिवशी मोबाईलवर जिल्ह्याच्या बातम्या देणारा एक जण आला. हातात माईक. यांच्या ओळखीचा, दोन गावं सोडून राहणारा.

"वहिनी, दोन मिंटं. तुमच्याच देशाचं हाय, तुमीच सांगायला पायजे."

यांनी मला आत बोलावलं आणि हळू म्हणाले, "नको बोलू. काय फायदा?"

मला सांगत जा म्हणणारे हेच. पण मी गेले. का गेले, सांगता येत नाही. भाऊ सापडत नव्हता आणि कोणीतरी पहिल्यांदा प्रश्न विचारून गप्प उभं होतं, एवढंच असेल.

मी बराच वेळ बोलले. म्हणाले, आमच्या गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरंच राहिलीत, मधली सगळी बाहेर. मीही तशीच गेले. विमानतळावर एकीकडं जाणाऱ्यांची रांग असते आणि दुसरीकडं पेट्या येतात, परदेशात मेलेल्यांच्या. पुढाऱ्यांची पोरं परदेशात फिरतात आणि ते फोटो ही पोरं बघतात. मग पोरं रस्त्यावर आली, त्यांना गोळ्या लागल्या. जाळपोळ कोणी केली मला माहीत नाही. हे 'माहीत नाही' मी तीनदा तरी म्हणाले. शेवटी म्हणाले, "लोक म्हणतात, असं सरकार असलं तर पोरं जाळणारच. पण मला ते पटत न्हाई. जाळलं ते आमचंच हाय."

तो म्हणाला, "लई भारी, वहिनी."

संध्याकाळी क्लिप आली. मी एवढंच म्हणताना दिसत होते: "असं सरकार असलं तर पोरं जाळणारच." वर लाल अक्षरांत, 'बीडमधल्या नेपाळी महिलेचा थेट इशारा'. मागं वाजंत्री.

आत्यांनी क्लिप बघितली. त्यांना वाचता येत नाही, पण त्या म्हणाल्या, "चांगली दिसायलीस. पदर तेवढा नीट घ्यायचा होतास."

खाली लोक लिहीत होते. वाघीण. हिला हाकला. हिचं आधार तपासा. ही नेपाळची नाही, तोंड बघा, चीनची आहे. वहिनी बरोबर बोलल्या, आता आपला नंबर. माझ्या खानावळीत जेवून गेलेल्या दोघा-तिघांची नावंही त्यात होती, दोन्ही बाजूंनी. हे एकेक वाचून दाखवत होते आणि त्यांचा आवाज चढत होता. मी म्हणाले, "बंद करा, डाळ लागतीया." यांनी त्या पत्रकाराला फोन केला. तो म्हणाला, पूर्ण लावलं असतं तर कोणी बघितलं नसतं, दादा.

सकाळी एका पक्षाची चार माणसं आली. पांढरे कपडे, एक गाडी. त्यांचं म्हणणं, मी सरकारला धमकी दिली, तर माफीचा व्हिडिओ करावा, विषय संपेल. हे त्यांना पूर्ण बोलणं समजावत होते, ते ऐकत नव्हते. हे चाललेलंच होतं तोवर दुसऱ्या पक्षाची माणसं आली. शाल आणि नारळ घेऊन. माझा सत्कार करायचा होता, धाडसाबद्दल. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. माणसं एकमेकांना ओळखतच होती, रामराम झाला. एकानं दुसऱ्याला सासऱ्यांची तब्येत विचारली.

मी हात पुसत उभी होते. मला कळत नव्हतं आधी माफी मागायची की आधी शाल घ्यायची.

आत्या गावाहून दूध घेऊन आल्या होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि दोन्ही टोळक्यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "काय लावलंय रं सकाळधरनं? तिचा भाऊ घावंना झालाय तिकडं. रातीपासनं अन्नाचा कण न्हाई पोटात. तुमाला काय इचारायचं ते मला इचारा. माझी सून हाय ती."

चौघांतला एक जरा लाजला. दुसरा, वातावरण हलकं करायला असेल, म्हणाला, "बरं आजी, मग तुमीच सांगा, नेपाळचं काय व्हायला पायजे?"

आत्या ठामपणे म्हणाल्या, "राजा पायजे. राजा काढला म्हून झालं हे समदं."

गुरुजी कोपऱ्यातून म्हणाले, "बघा. अडाणी बाईला कळतंय."

मी आत गेले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी तसाच धरून उभी राहिले. बाहेर सगळे चहा प्यायला बसले होते. शाल टेबलावर राहिली, ती आत्यांनी घरी नेली. माफीचं नंतर कोणी काढलं नाही. यांनी त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

भावाचा फोन आला तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. अनोळखी नंबर. पळापळीत त्याचा मोबाईल पडला होता आणि दुकान बंद होतं, म्हणून मित्राच्या खोलीवर होता. खांद्याला लागलं होतं, फार नाही. त्याच्याबरोबर रस्त्यावर उतरलेला एक पोरगा मेला. ते त्यानं वाक्याच्या मधेच सांगितलं आणि पुढं बोलत राहिला. मीही थांबवलं नाही. आमच्या बोलीत बोलत होतो. मला शब्द शोधावे लागत होते.

"दिदी," तो म्हणाला, "तुझा व्हिडिओ बघितला. इथं सगळे फिरवतायत. खाली आमच्या भाषेत लिहून."

"ते अर्धंच आहे. मी पुढं..."

"तू तिथं बसून आमच्याबद्दल कशाला बोलतेस?"

हातातला ओला कपडा मी दोरीवर टाकला.

"गेलीस तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर किती वेळा आलीस? तुला काय माहीत इथलं? तिकडचा टीव्ही बघून बोलायचं आणि वर आम्हाला जाळणारे ठरवायचं."

मला सांगता आलं असतं की मी नेमकं उलटं बोलले होते. पण तो म्हणत होता त्यातलं बरंचसं खरंच होतं. पेट्या, रांगा, म्हातारी माणसं, हे माझ्या वेळचं होतं. त्या पोरांना काय हवं होतं हे मला कुठं माहीत होतं? मीही कोणाकडून तरी ऐकलेलंच सांगितलं होतं. मी विचारलं, "खांद्याला काय लावलंस?" तो म्हणाला, "मलम." मग फोन ठेवला.

चाचांना सांगितलं, फोन आला. त्यांनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले आणि टोपलीतली पिकलेली सीताफळं लेकीसाठी दिली. यांनी गल्ल्यावरूनच डोळे पुसले. मला रडायला आलं नाही. येईल असं वाटून मी थोडा वेळ मागच्या खोलीत बसलेही होते.

दिवाळीत भाऊ आला. गोरखपूरहून रेल्वेनं नगर, मग जामखेडकडून येणाऱ्या बसनं मांजरसुंबा. चौकात उतरला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं नाही, इतका वाळला होता. आमच्याकडं भाऊबीजेच्याच दिवशी बहीण भावाला टिळा लावते, सात रंगांचा. इथं सात रंग कुठले. हळद, कुंकू, अष्टगंध, बुक्का, चारच झाले. झेंडूची माळ मात्र आत्यांनी शेतातल्या फुलांची केली. तो हसला. व्हिडिओचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी तो खानावळीत बसला होता आणि गुरुजी आले. मला दिसत होतं काय होणार. गुरुजींनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली, हिंदीत सुरुवात केली. भाऊ नवा होता, त्यानं उत्तर दिलं. मग गुरुजींनी पुस्तक काढलं, म्हणजे तोंडी. भावाचा आवाज चढला. तो हात हलवून सांगत होता, कोण होतो आम्ही, काय मागितलं, कोण मेलं, त्याचं वय काय होतं. शर्टाची बटणं काढून त्यानं खांदा दाखवला. दोन्ही टेबलांवरची माणसं बघत होती. माझ्या हातात वाढायची भांडी होती. मला वाटलं, मी मधे पडावं. मग वाटलं, बोलू द्यावं, त्याचं सांगणं अजून शाबूत आहे.

गुरुजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. तो थांबल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि जाताना गल्ल्यावर यांना म्हणाले, "पोरगा हुशार आहे हो. फक्त त्याला राजकारण कळत नाही."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. भावाला मराठी येत नव्हती. त्यानं मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, हुशार आहेस म्हणाले.

तो आठवडाभर राहिला. त्याला आखातात जायचं होतं, मुंबईला एजंटकडं काम होतं. मी जाऊ नको म्हणाले नाही. मी कोणत्या तोंडानं म्हणणार? आत्यांनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, तिखट कमी घालून. बसमध्ये चढताना तो म्हणाला, "तिकडं कोणी काही विचारत नाही ना?" मी म्हणाले, "नाही. तिकडं कोणीच कोणाला काही विचारत नाही."

बस गेल्यावर मी परत आले. दुपार व्हायची होती. टीव्हीवर दुसऱ्याच कुठल्या तरी देशातलं दाखवत होते, रणगाडे, वाळू, पळणाऱ्या बायका. एक नवीन ट्रकवाला जेवत होता, सिरसाळ्याकडून माल भरून आलेला. त्यानं टीव्हीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"हे तुमच्याकडलंच ना, बाई?"

"हो," मी म्हणाले.

"लई वाईट चाललंय बगा," तो म्हणाला आणि अजून एक भाकरी मागितली.